एप्रिलपुरतं रिकामं मैदान

२८ मार्च २०२३ रोजी जानराव उमक यांनी चौऱ्याण्णव हजार सहाशे पन्नास रुपयांचा डिमांड ड्राफ्ट काढला आणि लष्कराच्या जमिनी सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे पोस्टानं पाठवला. अकोल्यात बाळापूर रोडला लागून सात एकरांचं एक मैदान आहे. पूर्वी पलटणी पायी जायच्या तेव्हा तिथं मुक्कामाला उतरायच्या, म्हणून लोक त्याला पडाव म्हणतात. पलटणी रेल्वेनं जाऊ लागल्या, तरी पडाव लष्कराकडेच राहिला. त्यातले रस्त्याकडचे सव्वादोन एकर दरवर्षी लिलावानं कसायला मिळत, आणि बावीस वर्षं ती बोली जानरावांवरच सुटत होती. हा ड्राफ्ट पुढच्या वर्षाच्या बोलीचा होता.

करार अकरा महिन्यांचा, एक मे ते एकतीस मार्च. विहीर खणायची नाही, छप्पर घालायचं नाही, जमिनीत झाड लावायचं नाही. एप्रिलचा सबंध महिना जमीन मोकळी ठेवायची. कसणाऱ्याला पुढे हक्क सांगता येऊ नये, म्हणून ही खबरदारी. पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, या अटींत बसत होते. मोगरा बसत नव्हता. मोगऱ्याचं झुडूप दुसऱ्या वर्षी फुलतं, चौथ्या वर्षी भरतं आणि त्याचा खरा हंगाम सुरू होतो तो एप्रिलात.

यावर जानरावांनी तोड काढली ती तेलाच्या पिप्यांची. भज्यांच्या गाड्यांवरून पंधरा किलोचे रिकामे पिपे आणायचे, बुडाला भोकं पाडायची आणि एका पिप्यात एक झुडूप लावायचं. असे चारशे दहा पिपे झाले. वर्षभर ते वाफ्यांच्या कडेनं असत. एकतीस मार्चला नवराबायको ते एकेक उचलून उत्तरेच्या भिंतीलगत नेऊन ठेवत. ती पट्टी करारातही नव्हती आणि कुणाच्या नजरेतही नव्हती. पाणी पलीकडच्या मंगल कार्यालयाच्या बोअरवरून येई, त्याच्या बदल्यात लग्नाच्या दिवशी स्टेजपुरती फुलं जात.

"जानराव शेती करते का बिऱ्हाड हालवते?" असं रस्त्यानं जाणारे विचारत.

"घरभाडं वाढवलं मालकानं," जानराव पिपा खाली न ठेवता सांगत.

पडावाचा चौकीदार भगवंत हा चांदूर रेल्वे गावचा, फौजेतून निवृत्त झालेला. तो भिंतीकडे पाठ करून खुर्ची टाकून बसे. "मले पाठीमागे दिसत नाही. तशी मेडिकलची नोंदच हाय," असं म्हणे.

त्या वर्षी शहरात पडाव मुक्ती समिती स्थापन झाली. लष्करानं ही जागा शहराला द्यावी, अशी तिची मागणी होती. सचिव होते ॲडव्होकेट चिंतामण पाठक. ते रोज सकाळी रस्त्याच्या कडेला, नालीच्या काठावर बसणाऱ्या पार्बताबाईंकडून देवाला फुलं घेत. पार्बताबाई म्हणजे जानरावांची बायको. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाठक फुलांसोबत अर्जावर सही मागायला थांबले. जानरावांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला.

"वकीलसाहेब, यात जागा साठ वर्सं पडीक हाय म्हनून लिहिलं. कोनती जागा?"

"सगळीच."

"मंग मी बावीस वर्सं तथी काय उपटून राहिलो?"

पाठक हसले. "कागदावर पाहा, जानराव. लष्कराचं उत्तर आलंय, जागेवर कुणाचाही ताबा नाही. आम्ही सहा तारखेला फोटो काढले. एक तरी रोप आहे का त्यात?"

"एप्रिलात कसं राहीन? करारच तसा हाय."

"तेच तर म्हणतो मी. हे पाहा, शहराच्या पोटात सात एकर. ॲम्ब्युलन्स या रस्त्यावर अर्धा अर्धा तास अडकते. पोलीस भरतीच्या पोरी हायवेच्या कडेनं धावतात. आणि या बाई नालीवर बसतात. तिथं साठ ओट्यांचा फूलबाजार करायचा ठराव आहे. पहिला ओटा तुमचा, माझा शब्द."

"ओटा भेटल," पार्बताबाई पुडी बांधता बांधता म्हणाल्या, "पन त्याच्यावर ठेवू काय, माही मान?"

जानरावांनी सही केली नाही. पण पाठकांचं म्हणणं खोटं आहे, असंही त्यांना म्हणवेना. अडकलेली ॲम्ब्युलन्स त्यांनी स्वतः दोनदा हात दाखवून काढून दिली होती. दुपारी भगवंताकडे विषय निघाला, तेव्हा भगवंत चिडून बोलला.

"फौजेनं एकदा जागा सोडली तं परत भेटते का बाप्पा? उद्या गरज पडली तं तंबू काय वकिलाच्या आंगनात ठोकाव? अन् फूलबाजार म्हनतीन, पाच वर्सांनी पाह्यजो, गाळे अन् वर फ्लॅट."

तेही पटण्यासारखं होतं. एकाला जमीन रिकामी हवी होती कारण ती मागायची होती, दुसऱ्याला रिकामी हवी होती कारण ती राखायची होती. त्यात पालक आणि मोगरा कुणालाच नको होता.

एकोणीस एप्रिलला संयुक्त पाहणी ठरली. लष्कराच्या कार्यालयाचे अधिकारी, शहराचे अधिकारी आणि समिती अशी सगळी मंडळी येणार होती. दोन दिवस आधी भगवंत पहिल्यांदाच खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला.

"जानरावभाऊ, पिपे उचल. साहेबाले दिसले तं मी बी घरी अन् तू बी घरी."

संध्याकाळी पाठकांचा फोन आला. "ते डबे तेवढे एक दिवस हलवा हो. पाहणीत दिसले तर आमच्या अर्जाचं वाटोळं होईल."

पार्बताबाईंनी दोन्ही निरोप ऐकले आणि कपाळावर हात मारला. "बाई बाई! भांडतेत एकमेकासंग, अन् निंगा म्हनतेत आपल्याले. अवो, तुमी बोलत काहून नाही? साहेबापुढं उभे राहा अन् सांगा, मी कसतो म्हना."

"सांगतलं तं करार येईन नाही. बावीस वर्सं कसतो म्हटलं का, हा हक्क सांगून राहिला म्हनतीन. तेच तं भेव हाय त्याइले."

"अन् नाही सांगतलं तं?"

"तं रिकामी हाय म्हनून लिहितीन."

"मंग?"

जानरावांनी एका पिप्याच्या कडेला हात घातला. मग म्हणाले, "मंग काय. धर तिकडून."

ओळखीच्या टेम्पोवाल्या श्यामच्या गाडीनं पिपे मंगल कार्यालयाच्या मागच्या पत्र्याच्या वाड्यात गेले. ऐन कळ्यांची झुडपं एकमेकांवर रेटून ठेवावी लागली. अक्षय तृतीया पाच दिवसांवर होती.

पाहणीच्या दिवशी दहाच्या आतच ऊन मी म्हणत होतं. जानराव रस्त्यापलीकडे थांबणार होते, पण पाय आपोआप आत गेले. एक तरुण अधिकारी वाफ्यांच्या जागी उभा होता. त्यानं वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली. काळीभोर, खडा नसलेली, शेणखतानं मऊ झालेली माती.

"मिट्टी तो बढ़िया है. यहाँ कोई कुछ बोता है क्या?"

भगवंतानं सावधान उभं राहून समोर पाहिलं. पाठक फाईलमध्ये कागद शोधू लागले. जानरावांनी तोंड उघडलं. गेल्या महिन्यात पाठवलेला ड्राफ्ट त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि तोंड तसंच मिटलं.

"आप कौन?" अधिकाऱ्यानं विचारलं.

जानरावांच्या आधी पाठक बोलले. "शेजारचेच आहेत साहेब. प्रतिष्ठित नागरिक."

जानरावांना आयुष्यात प्रतिष्ठित कुणी म्हटलं नव्हतं. शहराच्या बाजूचा कारकून लगेच म्हणाला, "मग बरं झालं. पंचनाम्याला एक पंच कमीच होता."

कागद पुढे आला. जानरावांनी सवयीप्रमाणे चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. 'आज रोजी सदर जागेवर कोणतेही पीक, बांधकाम अगर कोणाचाही ताबा आढळून आला नाही.' त्यांनी पुन्हा वाचला. खोटा असा एक शब्द त्यात नव्हता. मागं हटावं तर का हटतो, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी 'पंच क्रमांक दोन' यापुढे सही केली, खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला.

"केली का सही?" घरी पार्बताबाईंनी विचारलं.

"केली."

"कायच्यावर?"

"मी नाही म्हनून."

पत्र नऊ मे रोजी आलं. पडावाच्या हस्तांतरणाचा विषय विचाराधीन असल्यामुळे अंतिम निर्णय होईपर्यंत जमीन कसायला देता येणार नाही, भरलेली रक्कम परत करण्यात येत आहे. जानराव पत्र घेऊन सरळ पाठकांच्या ऑफिसात गेले.

"साहेब, आता लिहा. मी कसत होतो म्हनून लिहा. बावीस वर्सांच्या पावत्या हायेत माह्याजवळ."

पाठकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. ते मनानं वाईट नव्हते. "जानराव, पावत्या अकरा-अकरा महिन्यांच्या आहेत, आणि दर वेळी तुम्ही जागा सोडल्याचं लिहून दिलंय. वरून हा पंचनामा. कोणी मोडायचा म्हटला तरी त्यावर सही करणारा पंच कोण? तुम्हीच."

"पन तो एप्रिल होता."

"कागदात फक्त तारीख असते हो."

"मंग आता जमीन भेटन तरी तुमाले?"

"वर गेलाय प्रस्ताव," पाठक म्हणाले. "वेळ लागतो. दहा वर्षंही लागतात."

मुलगा मनोज अमरावतीला राजापेठेत मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. त्यानं फोनवर सांगितलं, "बाबा, सोडा आता ते. इथी या, खोली हाय." जानरावांनी विचारलं, खोलीत पिपे किती मावतील. मनोजची खोली दहा बाय दहाची, त्यात नवराबायको आणि एक मूल.

मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली शंभराच्या वर झुडपं जळाली. उरलेली बाळापूरला पार्बताबाईंच्या भावाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवली आहेत. जानराव रोज पहाटेच्या एसटीनं जातात, कळ्या खुडतात आणि साडेनवाच्या गाडीनं परत येतात. तोवर देवाची फुलं घेणारे घेऊन गेलेले असतात. पाठक मात्र थांबतात. ते उशिरा पूजा करू लागले आहेत.

पडावावर कुंपण आलं. जागा शहराला मिळाली नाही आणि लष्करानंही ती वापरली नाही. जिथं मेथी होती तिथं गाजरगवत कमरेपर्यंत वाढलं आहे. आता कोणत्याही महिन्यात फोटो काढला तरी चालेल. भगवंत आतल्या बाजूनं फाटक लावून बसतो. जानराव बसमधून उतरताना तो हात वर करतो, तेही करतात. दोघंही बोलायला थांबत नाहीत.

पिपे बाळापूरला नेले त्या फेरीचे श्यामला आठशे द्यायचे ठरले होते. त्याला पाचशे मिळाले. तीनशे रुपये जानरावांकडे बाकी आहेत.