जिवंत माणसाचा मृत्युलेख

तिला सगळे कात्री म्हणत. जीभ धारदार होती म्हणून नव्हे (तीही होतीच), तिचं कामच कापाकापीचं. साधा ब्लॉग उभा करायला तिनं एक छोटीशी सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली होती. आपण मजकूर लिहायचा, वर तारीख टाकायची, पान मांडायचं काम लायब्ररीचं. लोक मागण्या करत: प्रतिक्रियांची सोय द्या, वाचक मोजून द्या. हिचं उत्तर ठरलेलं, "नाही." दर नव्या आवृत्तीत ती कोडच्या ओळी कमी करायची आणि ते घरभर मिरवायची.

लायब्ररीची पहिली गिऱ्हाईक घरातच होती. मावशी. सारी नोकरी वर्तमानपत्राच्या कचेरीत काढून ती भाचीकडे राहायला आली होती, आणि आता गल्लीची बित्तंबातमी ब्लॉगवर लिहायची. तेवढ्यावर तिचा दिवस मजेत जाई.

एकदा साफसफाई करताना कात्रीला कच्च्या लेखांची सोय दिसली. लेखावर 'कच्चा' अशी खूण केली की तो लोकांना दिसत नसे. "अर्धवट लेख ठेवतंय कोण? लिहावं आणि मोकळं व्हावं!" असं म्हणत तिनं त्या ओळी उडवल्या, मावशीच्या ब्लॉगवर नवी आवृत्ती चढवली आणि निवांत चहा प्यायला बसली. मावशीला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

आता मावशीच्या कचेरीत एक रीत होती. मोठ्या माणसांचे मृत्युलेख ती माणसं ठणठणीत असतानाच लिहून ठेवायचे, ऐनवेळी तारांबळ नको. मावशीनं तीच रीत गल्लीला लावली होती आणि ते सगळे लेख 'कच्चा' खुणेनं दडवून ठेवले होते. बाकीच्या लेखांना तारीख नव्हती, म्हणून ते पानावर चढले नाहीत. पण खालच्या घड्याळवाल्या काकांना मध्यंतरी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा त्यांचा लेख तिनं तारखेसकट तयार ठेवला होता. 'कच्चा'ची सोय गेली तसा तो थेट ब्लॉगवर झळकला.

दुपारी लोक फुलं घेऊन दुकानाशी आले, तर काका डोळ्याला भिंग लावून आत बसलेले.

"कोण गेलं?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच," कुणीतरी चाचरत म्हणालं.

ही बातमी वर पोचली तशी मावशीनं खोलीचं दार लावून घेतलं. "म्हातारा म्हणेल, ही माझ्या मरणावर टपून बसली होती. आता एक अक्षर लिहायची नाही मी!" कात्री कॉम्प्युटरकडे धावली. मावशीचं लिहिणं थांबलं तर मावशीत उरणार काय? तिनं ब्लॉगवरून लेख काढला, उडवलेल्या ओळी परत घातल्या आणि तडक खाली गेली. केलंय कुणी, निस्तरायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता.

"काका, चूक माझी. मावशीचा काही दोष नाही."

काकांपुढे लेखाची छापलेली प्रत होती. "मी तिरसट आहे, असं लिहिलंय."

"...हो."

"खरंच आहे. आणि दुरुस्त घड्याळ मी आधी गिऱ्हाइकाच्या कानाला लावतो, हेही लिहिलंय. हे तिनं कधी पाहिलं गं? इतकी वर्षं दुकान चालवतोय, कुणी माझ्याबद्दल चांगलं तोंडावर बोललं नाही. आणि तू ते काढून टाकलंस?"

"लगेच काढलं, काका."

"परत लाव. मेल्यावर मी काय वाचणार, कपाळ?"

मग ते स्वतःच जिना चढून आले आणि दार ठोठावून म्हणाले, "बाई, मी आलोय. भूत नाही, उघडा." मावशीनं दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि हसता हसता रडायलाच लागली.

काका गेल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली. "सगळ्यांचे लावते आता. ज्याचं त्याला वाचू दे."

"किती आहेत?"

"गल्लीभर. तुझाही आहे."

"माझ्या मरणाची तयारी करून ठेवलीस?"

"वेडी आहेस का? मला तोंडानं बोलता येत नाही, म्हणून लिहिला." तिनं पडदा भाचीकडे वळवला.

कात्रीनं वाचायला घेतलं: 'हिच्याकडे आले तेव्हा वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस, मग कंटाळेल. रोज बॅग भरलेलीच ठेवायची मी. कंटाळली नाही.'

तिला पुढचं वाचता येईना. ती मावशीला घट्ट बिलगली.