वातबुवा आणि वहिनी

बायकांच्या आजारांवर औषध देणाऱ्या माझ्या दादाला ‘पाळी’ हा शब्द उच्चारता येत नसे. ‘ती महिन्याची गोष्ट’ म्हणायचा, आणि तेही भिंतीकडे बघत. बाहेर पाटी मात्र दोन हात लांब: स्त्रीरोग व सर्वसाधारण आरोग्य, आयुर्वेदिक दवाखाना.

दवाखाना म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. पहिलीत बाकडी, दुसरीत दादा, त्यामागे पडदा आणि पडद्याआड मी. अशोकाची साल कुटायची, शतावरी चाळायची, कागदाच्या पुड्या बांधायच्या, ही माझी कामं. बाई आली की दादा तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, “वात.” केस गळतात? वात. ओटीपोट दुखतं? वात. मूल होत नाही? जुना वात. बायका त्याला पाठीमागे ‘वातबुवा’ म्हणायच्या आणि पुढ्यात खाली मान घालून बसायच्या. नवरा बरोबर असला तर दादा सगळं त्यालाच विचारायचा. “यांना त्रास कधीपासून?” तो बिचारा बायकोकडे बघायचा, कारण त्याला बायकोची चप्पल कुठली हेही धड माहीत नसायचं.

या सगळ्यावर त्याचं हुकमी वाक्य एकच. “घरात विचारा. आमच्या हिला आजवर दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढावी लागलेली नाही.”

पायरी चढायचं त्राण तरी कुठे होतं वहिनीत! कित्येक वर्षं तिचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. महिन्यातले निम्मे दिवस त्यातच. ओठ पांढरे, नखं कागदासारखी, जिना चढताना दोनदा बसायची. दादाचं निदान ठरलेलं. फक्त तिच्या बाबतीत वाताच्या जोडीला उष्णताही होती, घरची म्हणून थोडं जास्त. रोज सकाळी तो स्वतःच्या हाताने चूर्ण द्यायचा आणि ती निमूटपणे घ्यायची. तिचं पोट त्याने एकदाही हाताने चाचपून पाहिलं नाही.

एका सकाळी बरण्या पुसताना ती उभीच्या उभी खाली कोसळली. बरणी फुटली, चूर्ण फरशीभर. दादा बाहेरच्या खोलीतून ओरडला, “काय सांडलं?”

“वहिनी सांडली,” मी म्हणाले.

त्याने येऊन नाडी धरली. तेवढ्यात मी रिक्षा बोलावली.

पलीकडच्या रस्त्यावर एक वैद्यबाई होत्या, वहिनीला मी तिकडेच नेलं. शिक्षण आयुर्वेदाचंच. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा, मग औषधाचं बोलू, असं त्या सांगायच्या, म्हणून दादा त्यांना ‘यंत्रवाली’ म्हणून हिणवायचा. त्यांनी मला बाहेर न घालवता वहिनीला सरळ विचारलं, “पाळी किती दिवस जाते? गाठी पडतात? कपडे किती वेळा बदलावे लागतात?” वहिनी आधी दचकली. मग असं बोलायला लागली की वैद्यबाईंना तिला मधेच थांबवून पाणी द्यावं लागलं. पोट चाचपताना त्यांचा हात एका जागी थांबला.

“औषध कोण देतं?”

“हे देतात. वैद्य आहेत.”

“चूर्ण वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “पण आत काय आहे ते न बघता वर्षानुवर्षं तेच देत राहायचं, म्हणजे नळ गळतोय आणि हे नुसत्या बादल्या बदलतायत.”

घरी दादाने आकांडतांडव केलं. “माझ्या बायकोने दुसऱ्याच्या दारात जायचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!”

वहिनी भिंतीला धरून उभी होती. “घालू देत,” ती म्हणाली. “मी तुमचं चूर्ण घातलंच ना इतकी वर्षं.”

आधी रक्त चढवावं लागलं, मग ऑपरेशन. पिशवीतली गाठ मोठ्या आंब्याएवढी होती. दुसऱ्या दिवशी दादा इस्त्रीचा सदरा घालून वॉर्डात आला, सलाईन लावलेल्या हातावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि नर्सला ऐकू जाईल असं म्हणाला, “वात शांत झालाय.” नर्स ट्रे घेऊन घाईने बाहेर गेली. तिचे खांदे हलताना मला दिसले.

वाटलं, आता तरी गप्प बसेल. कसला! वहिनी घरी येऊन हिंडूफिरू लागली आणि तिच्या गालांवरचा रंग त्याने स्वतःच्या खात्यावर मांडला. एके दिवशी शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी सासूबरोबर आली. अंग सुजलेलं, चेहरा ओढलेला. दादाने नाडी धरली, वात काढला आणि म्हणाला, “घरात विचारा. आमची ही माझ्याच औषधाने बरी झाली.”

पडदा सरकला. वहिनी बाहेर आली.

“अहो, कापून काढली ती गाठ,” ती अगदी शांतपणे म्हणाली. मग त्या मुलीशेजारी बसली. “तुझी पाळी किती दिवस जाते गं? सांग, लाजू नकोस. या घरात त्या शब्दाची लाज फक्त यांना वाटते.”

सासू आ वासून बघत राहिली. मुलगी रडायला लागली आणि रडता रडता सगळं बोलली. दादा उठून आतल्या खोलीत गेला आणि उगाचच खलबत्ता वाजवत बसला. त्यात कुटायला काही नव्हतं.

मुलीला वहिनीनेच वैद्यबाईंकडे नेलं. ही गोष्ट बायकांत पसरायला कितीसा वेळ लागणार! बाकडी ओस पडली. पाटी उतरली आणि नवी चढली: गुडघेदुखी व टक्कल. पुरुष येतात, दादा त्यांच्या नाड्या धरतो. टकलाचंही कारण वातच निघालं. मी आता वैद्यबाईंकडे औषधं देते. त्या फटकळ आहेत, पण पोटाला हात लावल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

परवा एका लग्नात दादा चार माणसांत सांगत होता, “आमच्या हिच्या वेळी मीच म्हटलं, आता उशीर नको, ऑपरेशन करून टाकू. वैद्याला वेळ ओळखता आली पाहिजे.”

वहिनी जवळच उभी होती. ती पोट धरून हसली. मला अजून हसू येत नाही.