मेंढ्यांचं मशीन आणि चाळीसचा फ्यूज

वेल्ह्याच्या डोंगरात मेंढ्या कातरायचं काम पुरुषांचं. ती रीत मोडली वर्षाराणीनं. वायरमनचा कोर्स केलेली ही धनगराची पोर स्वतःची पिकअप घेऊन वस्त्यांवर निघाली. गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर चालवायचा आणि त्यावर कातरायचं मशीन, असा तिचा बेत.

पहिल्याच दिवशी हैबतीतात्यांच्या वस्तीवर माणसं जमली. तिनं इन्व्हर्टरची पिन स्टिअरिंगशेजारच्या चार्जरच्या सॉकेटात खोचली, मेंढी गुडघ्यांत धरली, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, लोकरीचे दोन पट्टे निघाले आणि गप्प. फ्यूज उडाला होता. दुसरा घातला, तोही उडाला. मेंढी अर्धीमुर्धी कातरलेलीच कळपात पळाली. माणसं पोट धरून हसली.

"पोरी, ह्ये बायांचं काम न्हाई," तात्या म्हणाले.

"आठ दिसांनी येते, तात्या. ती मेंढी तशीच ऱ्हाऊ द्या."

भोरच्या गॅरेजात सिद्धनाथ मिस्त्रीनं तोडगा काढला. "फ्यूजच्या जागी तार घाल. परत उडायचं नावच न्हाई."

"व्हय, मग वायरिंग पेटंल! फ्यूज जळला म्हणून गाडी वाचली. मशीन साडेतीनशे वॅटचं, इन्व्हर्टरची घट धरून बारा व्होल्टावर तिसाच्या वर अँपिअर ओढतंय. सॉकेटाचा फ्यूज पंधराचा. चूक माझी हाय, फ्यूजची न्हाई."

"मग कर तुझं तू," मिस्त्री फणकारला.

तिनं केलं. थेट बॅटरीपासून जाड केबल ओढली, बॅटरीलगतच चाळीसचा फ्यूज बसवला आणि घरच्या दारातल्या चार मेंढ्या कातरून बघितल्या.

आठव्या दिवशी गाडी पुन्हा वस्तीवर. इंजिन चालू ठेवून तिनं बटण दाबलं. मशीन थांबलं नाही. ती अर्धवट मेंढी पहिली, मग दुसरी, मग दहावी. तात्यांनी हळूच केबलला हात लावून बघितला.

"तापली न्हाई गं!"

"तापायची बी न्हाई. पुढची आणा."

दुपारी ती भाकरीला बसली, तेव्हा तात्यांची बायको आक्काबाई पदर खोचून मशीनपाशी आली.

"बटण कुठं हाय?"

तात्यांनी तोंड उघडलं. आक्काबाईनं नुसतं वळून बघितलं, आणि तात्या गुमान मेंढी आणायला गेले.