खिडकीतली हजेरी

"उठू नकोस."

"मनोहर, मला बाथरूमला जायचंय."

"आत्ताच गेली होतीस."

"आत्ता म्हणजे नाश्त्याच्या आधी."

"मग पुस्तक हातात धरून जा. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, वाचता वाचता उठलीय."

"बाहेर कोण बघतंय एवढ्या पावसात?"

"ती बघतेय. कुत्रा फिरवायचं निमित्त करून."

भार्गवीनं मान वळवली. समोरच्या घरातल्या तिनेकाबाई छत्री धरून दिव्याच्या खांबाजवळ उभ्या होत्या आणि त्यांचा जाडा कुत्रा खांब हुंगत होता.

"त्या कुत्र्याला जे लागलंय तेच मला लागलंय," भार्गवी म्हणाली. "फरक इतकाच, त्याला कोणी पुस्तक धरायला सांगितलेलं नाही."

"चेष्टा सुचतेय तुला. टर्म ग्रँट झाली नाही म्हणजे कळेल."

"टर्म ग्रँट इथे नसते रे. शंभरदा सांगितलं."

"नाव वेगळं असेल. सरकार म्हटलं की टर्म ग्रँट आलीच."

भार्गवी उठली, पुस्तक खुर्चीवर उपडं टाकलं आणि गेली. मनोहरनं धावत येऊन ते सुलटं केलं आणि मध्येच उघडून ठेवलं. वाचणारी आत्ता परत येईल, असं दिसावं म्हणून पानांत पेन्सिलही अडकवली. मग खिडकीतून हसून तिनेकाबाईंना हात केला. बाईंनी हात केला नाही. हातात छत्री होती आणि कुत्रा होता, पण मनोहरनं त्याचा अर्थ वेगळाच लावला.

ही दोन हजार सोळाच्या जानेवारीतली, युरोपातल्या लायडन गावातली गोष्ट. त्या गल्लीतल्या घरांच्या खिडक्या भिंतीएवढ्या मोठ्या, आणि पडदे ओढून बसायची तिथे पद्धत नाही. संध्याकाळी नुसतं चालत गेलं तरी कोणाकडे बटाटे उकडलेत आणि कोणाकडे नवरा-बायको बोलत नाहीयेत, दोन्ही कळतं. मनोहर पुण्याहून कंपनीच्या कामावर आला तेव्हा म्हणायचा, "काय हे, संसार आहे की दुकान?" पुढे कंपनीचा प्रोजेक्ट बंद पडला, नोकरी गेली, आणि नोकरीला टेकून उभा असलेला त्याचा परवाना आडवा झाला. नशीब असं, की कोथरूडच्या एका शाळेत समुपदेशक असलेल्या भार्गवीला नेमका तेव्हाच इथल्या विद्यापीठात मानसशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. तिला विद्यार्थिनी म्हणून राहायचा परवाना मिळाला आणि मनोहरला विद्यार्थिनीचा नवरा म्हणून. इतकी वर्षं ती त्याच्या व्हिसाला लोंबत होती, आता तो तिच्या.

त्याच्या परवान्याच्या कार्डामागे छापलं होतं, काम करायला परवानगी नाही. तिची अट वेगळी. शिक्षण पूर्णवेळ पाहिजे आणि दर वर्षी निदान निम्मे तरी क्रेडिट मिळवले पाहिजेत. नाही मिळाले तर विद्यापीठ परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवणार, आणि मग दोघांनी बॅगा भरायच्या.

आता 'पूर्णवेळ' हा शब्द दुसऱ्या कोणी वाचला असता तर अर्ज भरून मोकळा झाला असता. मनोहर पडला बाळासाहेबांचा मुलगा. बाळासाहेब कऱ्हाडच्या शाळेत मुख्याध्यापक, आणि मनोहरला पहिलीपासून दहावीपर्यंत दर वर्षी पूर्ण हजेरीचं बक्षीस. एकदा कांजिण्या अंगावर घेऊन वर्गात जाऊन बसला. हजेरी लागली तेव्हाच हात वर करून "सर, मला बरं नाही" म्हणाला. पुढच्या आठवड्यात वर्ग निम्मा रिकामा होता, पण मनोहरची हजेरी शाबूत होती. इंजिनिअरिंगला पोरं एकमेकांची प्रॉक्सी लावायची. मनोहरनं जन्मात कोणाची लावली नाही. जिवलग मित्र अजितची टर्म गेली, तरी नाही.

भार्गवीनं विद्यापीठाच्या ऑफिसात जाऊन विचारलंही होतं, कोणी घरी बघायला येतं का? तिथली मुलगी हसली आणि म्हणाली, "घरी येऊन काय करणार? आम्ही क्रेडिट बघतो."

"असंच सांगणार," मनोहरचं म्हणणं. "शाळेत शिक्षणाधिकारी यायचे ते काय पत्र टाकून यायचे? आणि समोरची बाई आपल्यावर डूख धरून आहे, विसरू नकोस."

डूख धरायचं कारण मनोहरनेच पुरवलं होतं. सप्टेंबरात तिनेकाबाई स्पेनला निघाल्या तेव्हा किल्ली घेऊन त्याच्याकडे आल्या होत्या. जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घालाल का? मनोहरनं खिशातून कार्ड काढून त्याची मागची बाजू दाखवली. "सॉरी मॅडम, मला काम करायला बंदी आहे." बाई परत आल्या तेव्हा जिरेनियमच्या काड्या झाल्या होत्या. तेव्हापासून मनोहरची खात्री, की ही बाई एक ना एक दिवस खात्याला फोन करणार आणि म्हणणार, त्या घरातली बाई शिकत नाही हो, नुसती असते.

म्हणून खिडकीत टेबल आलं, त्यावर दिवा आला, आणि रोज सकाळी न्याहारी झाली की भार्गवीला तिथे बसवणं सुरू झालं. अभ्यास होवो न होवो, दिसला पाहिजे. भार्गवीलाही सवय झाली होती. रस्त्यावर पावलं वाजली की पान उलटायचं, कोणी थांबलं की कपाळाला आठी घालायची. डोक्यात मात्र काही शिरत नव्हतं. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ती नापास झाली.

"स्टॅटिस्टिक्स गेलं की वर्षाचे क्रेडिट निम्म्याला कमीच पडणार ना?" बाथरूममधून आल्यावर ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. एकच. त्यात गेले तर आपण दोघं गेलो. आणि या खिडकीत बसून मी पास होणार नाही, मनोहर. मला इथे अभ्यास करता येत नाही, अभ्यासाचं नाटक करता येतं. उद्यापासून मी लायब्ररीत जाणार."

"आणि खिडकी रिकामी?"

"बस मग तूच."

"मी? म्हणजे... प्रॉक्सी?"

"म्हण काहीही. शाल देते माझी."

मनोहर रात्रभर तळमळला. सकाळी मात्र भार्गवीची सायकल गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्यानं तिची जांभळी शाल डोक्यावरून घेतली, तिचा जुना वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि खिडकीकडे पाठ अर्धी वळवून बसला. त्यात थोडी मजाही होती, हे त्यानं स्वतःशीही कबूल केलं नाही.

तिनेकाबाई कुत्र्याला घेऊन गेल्या. थांबल्या. पुढे गेल्या. मनोहरनं पान उलटलं.

आठवडे गेले. माणसानं पुस्तकाकडे किती वेळ नुसतं बघत बसावं? बघता बघता वाचलं जातं. पहिलं प्रकरण त्याला बरं गेलं. दुसरं जरा कुथत गेलं. तिसऱ्यात गाडी रुतली ती रुतलीच.

एका सकाळी दाराची बेल वाजली. मनोहरनं वाकून पाहिलं. तिनेकाबाई. हातात पेटी, बगलेत कागद. आलं इन्स्पेक्शन. शाल काढायचंही भान राहिलं नाही, तसाच जाऊन त्यानं दार उघडलं.

"माझी बायको आत्ताच जरा..." तो इंग्रजीत म्हणाला.

"मला तुमच्या बायकोशी काम नाही," तिनेकाबाई म्हणाल्या. "ती सकाळी सायकलवरून जाते ते मी रोज बघते. मी तुमच्यासाठी आलेय."

"माझ्यासाठी?"

"गेला आठवडाभर तुम्ही एकाच पानावर आहात."

मनोहरनं चष्मा काढला. "मॅडम, मी सगळं सांगतो..."

"काही सांगू नका. आकृती दिसते मला फुटपाथवरून. घंटेसारखी. तिच्यावर तुम्ही काल उगाच मिशा काढल्यात. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. हे असं बघवत नाही मला. सरका."

त्या आत आल्या. कुत्राही आला. पेटी म्हणजे बिस्किटांचा डबा होता आणि कागद कोरे होते.

"तुम्ही मला ओळखलंत?" मनोहरनं शालीकडे बोट दाखवलं.

"तुम्हाला दाढी आहे," बाई म्हणाल्या. "थंडी वाजत असेल म्हणून विचारलं नाही. इथे बरेच लोक हीटरचे पैसे वाचवतात."

"आणि ते जिरेनियम..."

"कुठले जिरेनियम? हां, ते. मेले. पुढे?"

मग रोजच सुरू झालं. प्रश्न बरोबर सुटला की एक बिस्कीट, चुकला की काळी खारट ज्येष्ठमधाची गोळी. पहिल्या आठवड्यात मनोहरनं इतक्या गोळ्या खाल्ल्या की त्याची जीभ बघून भार्गवी म्हणाली डॉक्टरकडे जा. बाई शिकवताना टेबलावर टिचकी मारत, आणि कुत्रा त्या टिचकीला उठून बसे. मनोहरही. शाल मात्र तो काढत नसे. शालीत लक्ष लागतं, म्हणायचा.

मे महिन्यात एका संध्याकाळी भार्गवी लायब्ररीतून आली ती डोळे पुसतच.

"होत नाही मला. पाठ केलंय सगळं, पण कळत नाही काही. तू बॅगा उतरवून ठेव माळ्यावरून."

मनोहर पोळ्या लाटत होता. हल्ली स्वयंपाक त्याच्याकडे होता, कारण काम करायला बंदी असली तरी उपाशी राहायची सक्ती नव्हती.

"काय कळत नाही?"

"नल हायपोथेसिस. सांगून तुला काय समजणार?"

मनोहरनं गॅस बंद केला आणि डब्यातल्या पोळ्या ओट्यावर ओळीनं मांडल्या.

"या कुणी केल्या?"

"तूच. दिसतंय की."

"आता तुझ्या आईच्या पोळ्या आठव. माझ्या पोळीची सरासरी घेतलीस तर तुझ्या आईच्या पोळीएवढीच भरेल. ही पापडाएवढी, ही परातीएवढी, मध्ये त्यांच्या मापाची. म्हणजे सरासरी तीच, पसारा जास्त. तो पसारा म्हणजे तुझं स्टँडर्ड डेव्हिएशन."

भार्गवी डोळे पुसायची थांबली.

"आता आपण धरून चालू, की मनोहरला पोळ्या येतात."

"का म्हणून धरायचं?"

"धरायचं असतं. तेच नल हायपोथेसिस. समज, मला पोळ्या येतात. तरी कधी एखादी बिघडतेच, तुझ्या आईचीही बिघडते. मग विचारायचं, ज्याला खरंच पोळ्या येतात त्याच्या डब्यात निव्वळ योगायोगानं इतक्या वाकड्या पोळ्या सापडायची शक्यता किती?"

भार्गवीनं ओट्याकडे पाहिलं. एक पोळी त्रिकोणी होती. एकीला शेपूट होतं.

"जवळजवळ नाहीच," ती म्हणाली.

"मग?"

"मग धरलेलं सोडून द्यायचं. तुला पोळ्या येत नाहीत." ती खुर्चीत बसली. "अरे देवा. एवढंच होतं होय हे?" मग तिची मान सावकाश वर आली. "पण तुला कसं माहीत?"

"हजेरी," मनोहर म्हणाला. "हजेरी लावली की डोक्यात शिरतंच."

जूनमध्ये परीक्षा झाली. भार्गवी पेपर लिहिताना मध्येच हसली म्हणून पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेला. निकाल लागला तेव्हा ती पास होती, निम्म्याच्या वर क्रेडिट जमले होते, आणि पुढच्या वर्षापुरतं दोघांचं या देशातलं बूड टेकलं होतं. ती शनिवारच्या बाजारातून सायकलवर एक मोठा गठ्ठा घेऊन आली. मनोहर खिडकीत बसला होता, शाल घेऊन, उन्हाळ्यात.

"ऊठ," ती म्हणाली. "पास झाले. आणि पडदे आणलेत. निळे."

"पास? वा." तो खरोखरच खूश झाला. तिला मिठी मारली. मग गठ्ठ्याकडे पाहिलं. "पडदे कशाला?"

"लावायला. संपलं ते सोंग. आता मी घरात पायजमा घालून लोळणार आहे, कोणी बघितलं न बघितलं."

"पण पुढच्या वर्षी क्रेडिट लागणारच आहेत."

"पुढच्या वर्षी स्टॅटिस्टिक्स नाहीये."

"मग वेगळं काही असेल. खिडकी मोडू नये एकदम."

"मनोहर, घरी कोणी येत नाही. खात्याला आपल्या खिडकीचा पत्ताही नाही. तिनेकाबाई काही हेर नाहीत, त्या तुला शिकवतात हे तूच सांगितलंस, म्हणजे हे तर तुला महिनोन्महिने माहीत आहे."

"आहे."

"मग?"

"उजेड जातो पडद्यानं."

"तू पुस्तक दे इकडे. विद्यापीठाच्या लायब्ररीचं आहे, परत करायचंय सोमवारी."

"सोमवारी? माझं नववं प्रकरण चाललंय."

"तुझं? परीक्षा माझी होती, झाली, मी पास झाले. तुझं कसलं नववं प्रकरण?"

"रिग्रेशन."

"त्याची फी भरलीय का आपण? नाव घातलंय का कुठे? कोण मागतंय तुझं रिग्रेशन?"

मनोहरनं पुस्तक छातीशी धरलं. भार्गवी खुर्चीवर चढली आणि पडद्याच्या कड्या तिनं एकेक करून दांडीत अडकवल्या. खोलीत निळसर अंधार झाला.

"मला एकच सांग," ती वरून म्हणाली. "माझ्यासाठी बसत होतास ते कळलं. व्हिसासाठी, तेही कळलं. आता कोणासाठी बसतोयस?"

मनोहरनं पानात पेन्सिल घातली. शाल खांद्यावर नीट ओढून घेतली, टेबलावरचा दिवा काढून वायर त्याला गुंडाळली, आणि दिवा एका बगलेत, पुस्तक दुसऱ्या बगलेत असा तो दार उघडून बाहेर पडला. समोरच्या खिडकीत तिनेकाबाईंनी टेबल आधीच पुढे ओढून ठेवलं होतं.