चिठ्ठीवरची मखमली टिकली

मंडळी, मी आर्किटेक्ट आहे. घरांचा नाही, सॉफ्टवेअरचा; सासुरवाडीला हे अजून पटलेलं नाही. पुरावा असल्याशिवाय बायकोच्या स्वप्नांवरही विश्वास न ठेवणारा मी माणूस, आणि आज इथे लिहायला बसलोय... हसा खुशाल.

दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. आतलं तापमान बिघडलं की तिथले मॅनेजर भाऊसाहेब यांच्या मोबाईलवर अलार्म, एवढं साधं काम. भाऊसाहेब साठीचे. बायको वर्षापूर्वी गेली, तेव्हापासून आवारातल्या खोलीत एकटेच राहायचे.

काम सुरू करण्याआधी आम्ही सगळ्यांना बसवतो आणि ‘काय काय बिघडू शकतं’ याच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावतो. ज्याला जी महत्त्वाची वाटेल तिच्यावर त्याने ठिपका चिकटवायचा. ठिपका नाही, ती चिठ्ठी बाद. ठिपक्यांचे स्टिकर मी नेहमीप्रमाणे गंगापूर रोडला घरीच विसरलेलो! बॅगेत सापडलं बायकोचं टिकल्यांचं पाकीट. बारीक, हिरव्या. निमूटपणे त्याच सगळ्यांना वाटल्या.

‘‘सर, हळदीकुंकू बी हाय का मग?’’ भाऊसाहेबांनी टोला हाणला.

वीज जाणं, नेटवर्क जाणं... या चिठ्ठ्या हिरव्यागार झाल्या. माझी एक मात्र कोरीच — ‘अलार्म वाजला आणि भाऊसाहेबांनी फोन उचललाच नाही तर?’

‘‘असं व्हनारच नाय,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘फोन कायम खिशात असतो आता.’’

मीटिंगच्या खोलीला कुलूप लावून सगळे जेवायला गेलो. किल्ली माझ्या खिशात. परत येऊन बघतो तर त्या कोऱ्या चिठ्ठीवर टिकली! मोठी, मखमली, मरून. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. भाऊसाहेब मात्र तिच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘राहू द्या सर. नियम म्हंजी नियम.’’

म्हणून ती सोय केली : त्यांनी फोन उचलला नाही तर कॉल नाशिकला त्यांच्या लेकीला, सुजाताला.

ऐन हंगामात एका सुट्टीच्या दुपारी अलार्म वाजला. कारण फुसकं, एक दार नीट लागलं नव्हतं. पण भाऊसाहेब फोन उचलेनात. कॉल सुजाताला गेला, तिने फोन करून शेजारच्या मळ्यातल्यांना तिकडे पळवलं. भाऊसाहेब खोलीत घामाने थबथबून पडलेले... हार्ट अटॅक. थोडक्यात वाचले.

ते घरी आल्यावर भेटायला गेलो. खोलीत आरसा, आणि आरशाच्या कडेला ओळीने मरून मखमली टिकल्या.

‘‘हिच्या हायेत. काढवत नाय,’’ ते म्हणाले. ‘‘तिची एकच कटकट असायची — फोन उचलत जा.’’

ओळीत मधेच एक जागा रिकामी होती. नुसता गोंदाचा गोल डाग.

माझी बायको म्हणते, त्यांच्या शर्टाला चिकटून आली असेल. असेल! पण सगळ्यांच्या टिकल्या लावून झाल्यापासून जेवायला उठेपर्यंत ते माझ्या शेजारच्या खुर्चीतून हलले नव्हते, आणि चिठ्ठी होती समोरच्या भिंतीवर.

आमच्या कागदपत्रांत प्रत्येक सोयीपुढे ‘कोणाची मागणी’ असा रकाना असतो. भाऊसाहेबांना विचारलं, इथे काय लिहू?

‘‘लिहा की, घरून आली.’’

लिहिलंय. आमच्या साहेबांनी अजून विचारलेलं नाही.