बुधरामजी आणि घासलेला नंबर

रिव्हॉल्व्हर हातात आलं की बुधरामजी आधी त्याची गोळ्यांची चकरी उघडायचे, एकेक घर उजेडाला धरून रिकामं आहे ना ते बघायचे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच. माझ्या टेबलावर फायली तुंबलेल्या, आणि यांचं आपलं हे चाललेलं! एकदा वैतागून मी म्हटलं, "बुधरामजी, पोलिसांनी रिकामं करूनच आणलंय हो ते." तर मान वर न करता म्हणाले, "पोलिसायनं सांगतलं म्हून गोळी आयकते का जी, मॅडम?"

गोंदियाच्या कचेरीत शस्त्र परवान्यांचं टेबल माझ्याकडे आहे. हे टेबल कुणालाच नको असतं. नाही म्हणायचा मी कंटाळा केला, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. बुधरामजी पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हत्यारांचे मिस्त्री, राहायला कामठ्याला. जुन्या मालगुजार, म्हणजे जमीनदार घरांतली विलायती रिव्हॉल्व्हरं तपासणीला आली की आम्ही त्यांना बोलवायचो, आणि ते एसटीनं धडधडत यायचे.

त्या लोखंडावर वाचण्यासारखं काही असतं, हे मला त्यांनीच दाखवलं. नळीवर आणि चकरीच्या प्रत्येक घरावर मुकुटाचा बारीक ठसा असला, तर ते विलायतेत बार उडवून तपासलेलं. बाणाची खूण असली, तर कधीकाळी सरकारी मालकीचं. सांगाड्यावरचा आणि चकरीवरचा नंबर जुळला, तर जोडी मूळची. ठशावर पातळ कागद धरून ते वर पेन्सिल फिरवायचे, मुकुट कागदावर उमटायचा, आणि तो तुकडा ते वहीत चिकटवून ठेवायचे. खोटे ठसेही यायचे. ते दिसले की बुधरामजी खुशीत येत. "हा फुकट जेवाले आलेला बराती हाये, मॅडम. फेटा बांधला, पन नवरदेवाचा कोन लागते ते सांगता येत नाही त्याले."

त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पूजेला काढतात, आणि त्याआधी विळा-कुऱ्हाडीसारखंच रिव्हॉल्व्हरही विटेच्या भुकटीनं नाही तर रेगमालानं, म्हणजे पॉलिश पेपरनं, घासघासून काढतात. दरवर्षी थोडं थोडं. मग एक दिवस नंबर जातो, मुकुट जातो, आणि घरचे अभिमानानं सांगतात, बघा कसं लखलखतंय! बुधरामजी कपाळावर हात मारायचे. "पूजा करा नं बाप्पा, हळद लावा, फूल वाहा. घासता कायले? चमक देवाले पायजे का तुमाले?"

केशोरीचे नीळकंठजी असंच एक लखलखीत रिव्हॉल्व्हर घेऊन आले. साठी उलटलेले धानाचे शेतकरी. वडील वारले, म्हणून परवाना आपल्या नावावर करून घ्यायला आले होते. परवान्यावर नंबर होता, रिव्हॉल्व्हरवर मात्र कुठंच नव्हता. साहेबांना संशय आला की खरं विकून भलतंच आणलंय. रिव्हॉल्व्हर जप्त झालं, गुन्हा दाखल करायची भाषा सुरू झाली. नीळकंठजी बाहेरच्या बाकावर बसून होते. "आमच्या घरचं कोनी चौकीची पायरी नाही चढलं, मॅडम. आता या वयात मले जेलात टाकून राहिले का हे?" मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

बुधरामजींनी तपासणीत मुठीच्या लाकडी फळ्या खोलल्या, आत बघितलं, आणि थांबले. कागद काढला नाही, पेन्सिल काढली नाही. चहा मागवला आणि तसाच ठेवला. "उद्या येतो जी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एक जुनी वही घेऊन आले. एका पानावर पेन्सिलीनं उमटवलेला मुकुट, बाण आणि नंबर होता. नंबर परवान्यावरचाच. खाली नीळकंठजींच्या वडिलांचं नाव.

"हे घासलं कोनं, माईत हाये? म्यां."

मी वही पुढे ओढली.

"घोडा अटकत होता म्हून म्हातारा घेऊन आला. म्हने, दसरा हाये, नव्यासारखं करून दे. नोकरीत होतो तवा. खात्याच्या मशीनवर चढवलं. छाप घेऊन ठेवली, अन् बाकी सारं उडवून देल्लं. लय चमकलं! तो खुश, मी बी खुश." त्यांनी फळीची आतली बाजू दाखवली. तिथं खिळ्यानं कोरलेला लहानसा त्रिशूळ होता. दुरुस्ती केली की मिस्त्री आपली खूण आत सोडतो.

म्हणजे नोकरीत असताना, खात्याच्या मशीनवर, खासगी काम. हे अहवालात आलं तर यांच्या पेन्शनीवर गदा. मी दार लोटून म्हटलं, "वही कुणी बघितलेली नाही. 'ठसे अस्पष्ट' लिहा आणि मोकळे व्हा. पुढचं प्रयोगशाळा बघेल." हे मी म्हटलं, लपवत नाही. मी थकले होते, आणि माझा त्या माणसावर जीव होता.

"अन् तो नीळकंठ तवरिक भाईर बसून राहील?" बुधरामजींनी विचारलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतके वर्सं लोकायले बोललो, घासता कायले म्हून. माही पाळी आली तं अस्पष्ट लिहू?" त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सदर शस्त्रावरील ठसे मी स्वतः घासून काढले आहेत.' वही सोबत जोडली.

नीळकंठजी सुटले. परवाना त्यांच्या नावावर झाला. बुधरामजींसाठी ते घरच्या चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन आले, पण तोवर आम्हाला त्यांना बोलवायला मनाई झाली होती. अहवालाची प्रत खात्याकडे मीच पाठवली होती, जावक नंबर टाकून. पेन्शन थांबली, चौकशी लागली. एका रविवारी मी ती पिशवी घेऊन कामठ्याला गेले. अंगणात त्यांनी नोटीस दाखवली आणि मला रडू आलं.

"तुमी काऊन रडून राहिल्या?" ते म्हणाले. "घासलं म्यां. तुमी तं नुसता कागद धाडला." आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.

चौकशी संपायच्या आत ते गेले. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर पत्र आलं: संबंधित मयत असल्यामुळे प्रकरण बंद. मी आवकचा शिक्का मारला आणि ते फायलीला लावलं. बुधरामजी, त्या दिवशी माझं ऐकलं असतंत, तर तुमचे शेवटचे महिने सुखात गेले असते. बरं झालं, ऐकलं नाहीत.