खालच्या कप्प्याची पंगत

बशीकाका हे नाव प्रयोगशाळेत पडलं आणि घरापर्यंत येऊन चिकटलं. त्यांच्या बश्या चहाच्या नव्हेत. तळहाताएवढ्या, झाकणाच्या, पारदर्शक. त्यांच्या तळाशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढत. बाळंतपणानंतर टाकून दिलेल्या नाळेच्या शिरेतून त्या पेशी काढायच्या, उबदार कपाटात ठेवायच्या आणि त्यांचं खाणंपिणं बघायचं, हे काकांचं काम. बायको म्हणायची, "माझी एवढी विचारपूस झाली असती, तर मीही बशीत राहिले असते."

पेशींचा उद्योग काकांना तोंडपाठ होता. फरशा बसवाव्यात तशा त्या एकीला एक लागून पसरतात आणि आपल्या पायाखाली कोलॅजेनची जाळी विणतात. त्या जाळीच्या जिवावर रक्तवाहिनी टिकते. कोलॅजेन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ. पण तो घट्ट बसायचा तर आधी धाग्यांवर जागोजागी थोडी कारागिरी व्हावी लागते, आणि ती क जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. ते नसलं की धागे ढिले राहतात, पेशीच्या पोटातच साचतात आणि खाली जाळी काही धड पडत नाही.

नवा प्रयोग नेमका याचाच होता. कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या बश्यांना रोज सकाळी क जीवनसत्त्वाचा ताजा थेंब. ताजा, कारण तो ठेवला की वाया जातो. खालच्या कप्प्याला बाकी सगळं तेच, फक्त तो थेंब नाही. फरक मोजायचा तर कुणाला तरी वगळावं लागतं, हे काकांना कळत होतं, पण वळत नव्हतं. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याच्या पानासमोरून भांडं तसंच पुढे न्यायचं, याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि काकांच्या आईने त्यांना लहानपणी बजावलं होतं की वाढणाऱ्याने सगळं करावं, पंक्तिप्रपंच करू नये.

त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना भीत भीत विचारलं, "खालच्यांना अगदी अर्धा थेंब दिला तर?"

"मग तुलना कशाशी करायची, काका?" मॅडम म्हणाल्या.

चोरून थेंब टाकावा असं काकांच्या मनातही आलं नाही. खोटेपणा त्यांच्या रक्तात नव्हता. मग त्यांनी त्यांच्या मते सरळ मार्ग काढला. खालच्या कप्प्याला मिळत नाही ना, मग आपणही घ्यायचं नाही. त्या दिवसापासून लिंबू बंद, फळं बंद, टोमॅटो बंद, पालेभाजी बंद. बटाट्यातही थोडं असतं असं कळल्यावर बटाटाही बंद, आणि मिरची-कोथिंबिरीपायी आमटीही. राहिलं काय, तर चहा, पाव आणि उकडलेलं अंडं. बश्यांची एक तुकडी मोडायची, दुसरी लागायची, खालचा कप्पा कोरडाच, आणि काकाही.

बायकोला त्यांनी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं, हे ओळखण्याइतके ते शहाणे होते. तिला आधी वाटलं, आपला स्वयंपाक नकोसा झाला. मग वाटलं, यांना वैराग्य आलं. एकदा तिने गुपचूप चहात लिंबू पिळलं. चहा फाटला आणि काकांनी तो शांतपणे मोरीत ओतला.

दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजल्या, पायांवर जांभळे ठिपके आले, जिना चढताना धाप लागू लागली. काका ठिपके झाकून कामाला जात राहिले. पण एका सकाळी डाव्या मनगटावरचा जुना व्रण उकलला.

तो व्रण बायकोचा होता, म्हणजे तिच्यापायी झालेला. नवं लग्न, न्हाणीघराची कडी अडकली, ती आत. काकांनी हाताने झरोक्याची काच फोडली. सुतार पेचकस घेऊन त्यांच्या मागेच उभा होता, हे त्यांना नंतर दिसलं. तेव्हापासून भांडण विकोपाला गेलं की ती त्या व्रणाकडे बघायची आणि राग गिळायची. तो उकललेला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने हिरड्या बघितल्या, ठिपके बघितले आणि विचारलं, "तुम्ही जहाजावर असता का?"

"नाही, कपाटापाशी असतो," काका म्हणाले.

स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाअभावी पूर्वी खलाशांना होणारा रोग, त्याने फक्त परीक्षेत लिहिला होता. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या खोलीतल्या दोन डॉक्टरांना बोलावून त्याने काकांच्या हिरड्या दाखवल्या. मग बायकोकडे वळून म्हणाला, "व्रण एकदा भरला की संपलं, असं नसतं. आतलं कोलॅजेन झिजत असतं, शरीर ते पुन्हा पुन्हा विणतं. विणणं थांबलं की जुनी जखमही उघडते. असंच चाललं तर जिवावर बेतेल."

"म्हणजे इतकी वर्षं हा रोज भरत होता?" तिने विचारलं.

"रोज."

घरी आल्यावर तिने लिंबाचं सरबत पुढ्यात ठेवलं. आता काकांना बोलावंच लागलं. कप्पे, थेंब, पंगत, सगळं त्यांनी सांगितलं आणि पेला बाजूला सारला. ती रडली नाही की ओरडली नाही. स्वतःसाठी केलेला पेला तिने मोरीत ओतला.

"हे काय?"

"तुम्ही खालच्या कप्प्यात, तर मीही. माझ्याच घरात पंक्तिप्रपंच मी का करू?"

"अगं, त्या पेशींना कुणी नाही."

"आणि मला?"

रात्रीच्या जेवणात तिने चहा, पाव आणि अंडं घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून निमूटपणे खाल्लं. एका जेवणाने कुणाला काही होत नाही, हे काकांइतकं कोण जाणणार? पण तिने कोरडा पाव चहात बुडवला आणि काकांना ते बघवेना. इतके दिवस आपण खालच्या कप्प्याचा विचार केला, आणि घरच्या पंगतीत एकटीच बसलेली बाई आपल्याला दिसलीच नाही. ते उठले, लिंबू कापलं, दोन पेले केले. रस दवाखान्यातल्या पट्टीत झिरपून मनगटाची आग झाली, तरी पिळत राहिले.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

ते प्यायले. मग ती प्यायली.

सोमवारी काका अपराध्यासारखे कपाटापाशी गेले. खालच्या कप्प्याकडे बघायची हिंमत होईना. मॅडम मागून म्हणाल्या, "काका, आजपासून खालच्यांनाही थेंब द्या. उशिरा दिला तर जाळी पडते का, ते बघायचंय."

"हे कधी ठरलं?"

"पहिल्यापासून ठरलेलंच आहे. तुम्ही पुढचं विचारलंच नाहीत कधी."

काकांनी आधी खालच्या कप्प्याला वाढलं, वरच्यांना नंतर.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिला हसावं की लाटणं घ्यावं कळेना.

"उशिरा दिलं तर विणतात का हो त्या?"

"आठवडाभराने कळेल."

"कळलं की सांगा," ती म्हणाली, आणि त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून तिने पट्टी सोडली. "इथलं मी बघते."